हल्ली कशालाच चव राहिली नाही

४ ऑक्टोबर, रविवार

हल्ली कशालाच चव राहिली नाही. टोमॅटो म्हणजे लाल पाणी. बटाटा म्हणजे ओला पुठ्ठा. कॉफी म्हणजे गरम, कडू असं काहीतरी.

हे मी एकटाच म्हणत नाही. खालच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, खरंय, सगळी खतं मारलेली. लेक फोनवर म्हणाली, बाबा, सगळं हायब्रीड आहे. बसमधल्या एका अनोळखी बाईंनीही मान डोलावली. म्हणजे जगाचीच चव गेली आहे, आणि ते सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं. स्वाभाविक आहे. चव ओळखणं हा माझा धंदा आहे. सूपच्या फॅक्टरीत टेस्टिंग रूममध्ये बावीस वर्षं. ऑगस्टमधल्या तापानंतर तर जीभ अधिकच चोखंदळ झाली आहे.

साहेबांना ते पटत नाही. गेल्या महिन्यात मी पास केलेली एक बॅच दुकानांतून परत आली. म्हणे तेल खवट होतं. खवट असतं तर मला कळलं नसतं का? साहेब म्हणाले, काही दिवस आराम करा, लेबल विभागात बसा, एप्रिलमध्ये फेरचाचणी घेऊ. तोवर माझ्या खुर्चीवर ज्युनियर. अंगाने काडी, नाक लांब, चालणं टुणटुण. मी मनातल्या मनात तिला नाकतोडी म्हणतो.

निश्चय: एप्रिलपर्यंत जिभेला मूळ चवींची आठवण करून द्यायची. त्यासाठी बाजार बंद, जंगल सुरू. तिथे खत नाही, फवारणी नाही, कोल्ड स्टोरेज नाही. पुस्तक, टोपली आणि चाकू आणला.

हिला सांगितलं. ही म्हणाली, जाऊ या की, मोकळी हवा मिळेल. हिला मुद्दा कळला नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार

पहिली मोहीम. बसच्या शेवटच्या स्टॉपपासून जंगल चालत दहा मिनिटांवर. सगळीकडे ओली पानं. वास अप्रतिम असणार.

ओकच्या झाडांखाली फळांचा सडा पडला होता. टोपी घातलेली, चकचकीत फळं. टोपली भरली. पुस्तक म्हणतं, कडवटपणा जाण्यासाठी फळं काही दिवस पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा. तासभर ठेवली. पीठ केलं, बिस्किटं भाजली.

कडू! लख्ख कडू! कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा जिभेला काहीतरी लागलं. एकट्याने पाच खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं.

हिने अर्धं खाल्लं, दोन ग्लास पाणी प्यायली आणि म्हणाली, छान झालंय.

वकिलांना चार नेऊन दिली. त्यांनी एक चावलं आणि उरलेलं आपल्या कुत्र्यापुढे धरलं. कुत्रं सोफ्याखाली गेलं ते आलंच नाही. कुत्र्यांना चवीचं शिक्षण नसतं. वकिलांनाही.

१९ ऑक्टोबर, सोमवार

दूध लागलं. क्षुल्लक गोष्ट, पण घरात केवढा गाजावाजा. ही न्हाणीघरातून ओल्या केसांनी धावत आली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. म्हणाली, अहो, तुम्ही गॅसशेजारीच बसला होतात. मी म्हटलं, पेपर वाचत होतो. ही म्हणाली, जिन्यापर्यंत वास गेलाय. मी म्हटलं, माणसाने एका वेळी एकच काम करावं.

नंतर ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. ही चष्म्याच्या दुकानात काम करते. कुणी पेपर हातभर लांब धरून वाचायला लागला की त्याच्याकडे असंच बघते.

२५ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस दगाबाजीचा.

सकाळी जंगलात एक विलक्षण अळंबं सापडलं. पांढरा दांडा, वर हिरवट-काळं चिकट टोपण. माश्या घोंघावत होत्या, म्हणजे त्यांनाही दर्जा कळतो. पुस्तकात नेमकं त्याच्या माहितीचं पान चिकटलेलं, पण चित्रावरून खाण्यालायक वाटलं. तीन तोडली. परत येताना बस भरलेली होती, तरी माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. टोपलीकडे मात्र सगळे बघत होते. लोकांना कुतूहल असतं, धीर नसतो.

घरी येऊन टोपली ओट्याखाली ठेवली आणि जरा पडलो. उठलो तो बिल्डिंगमध्ये आरडाओरडा. कुठेतरी उंदीर मेलाय म्हणे. वकील नाकाला रुमाल लावून जिन्यात उभे. मी पुढाकार घेतला. ड्रेनेजच्या कारभारावर वॉचमनला चांगलं खडसावलं, प्लंबरला बोलावणं धाडलं. प्लंबर आला, चेंबर उघडलं, आत डोकावला, हुंगला, मग एकेक पायरी चढत आमच्या दारापर्यंत आला आणि म्हणाला, काका, तुमच्याकडूनच येतोय.

नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याला म्हटलं, बावीस वर्षं मी या नाकाची भाकरी खातोय, तू मला वास शिकवू नकोस. तो म्हणाला, मग सांगा ना काका, कुठून येतोय ते. वकील हसले. मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावरून. तिसऱ्या मजल्यावर कुणी राहत नाही.

ही दुकानातून आली. जिन्यातच थबकली. सरळ ओट्याकडे गेली, टोपली पेपरमध्ये गुंडाळून बाहेरच्या कचऱ्यात टाकून आली. मग जिन्यात बसून हसायला लागली. वकीलही हसले. प्लंबर हसला. हसता हसता हिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गेल्यावर हसणं थांबलं. पाणी थांबलं नाही.

मोसमी सर्दी असावी.

८ नोव्हेंबर, रविवार

जेवताना हिने दुकानातली गोष्ट सांगितली. एक गृहस्थ आले, म्हणाले, हल्ली पुस्तकांची छपाईच फार बारीक करतात. हिने जाड काचा लावून दिल्या तर काढून ठेवल्या आणि पुन्हा म्हणाले, छपाई बारीक असते. दर वर्षी येतात, दर वर्षी असंच म्हणून जातात.

मी म्हटलं, खरंच करतात बारीक. कागद वाचवायला.

ही ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, अहो, चष्मा लागला म्हणून माणूस कमी होत नाही.

मी म्हटलं, मला लागलाय की. वाचायला.

म्हणाली, हो. तो लागलाय.

कशाबद्दल बोलत होती कोण जाणे. दिवसभर दुकानात उभं राहून हिचं डोकं दुखतं. उद्या पाय चेपून द्यावेत.

१४ नोव्हेंबर

हिने स्वयंपाकघरात भोंगा बसवून घेतला. गॅस सुटला की वाजतो. माझ्यावर विश्वास नाही का, असं विचारलं. म्हणाली, वॉचमनकडे स्वस्तात मिळाला.

पाय चेपायचे राहिले.

९ डिसेंबर, बुधवार

जंगलात काही नाही. झाडं उघडी, जमीन टणक. थोड्या बोरासारख्या आंबट लाल गोळ्या मिळाल्या. आंबट छान लागतं. आंबट, कडू, खारट, गोड: हे चार खरे. बाकी सगळे बाजाराने लावलेले लाड.

पँट सैल झाली. डाएटचा परिणाम. जेवण कमी केलंय असं नाही, पण चार घासांनंतर कंटाळा येतो. ओला कागद चघळल्यासारखं वाटतं. संयम म्हणतात तो हाच असणार.

लेबल विभागात दिवसभर "थंड व कोरड्या जागी ठेवा" एवढंच वाचतो. आज नाकतोडी आली. खुर्ची ओढून बसली, हळू आवाजात म्हणाली, सर, माझ्या बाबांच्या एका मित्राला तापानंतर वास येईनासा झाला होता. त्यांनाही आधी वाटायचं की खाण्यालाच चव नाही. आपल्या गेटसमोर नाकाच्या डॉक्टर आहेत, त्या रोज चार बाटल्या हुंगायला लावतात, काहींचा परत येतो, लवकर सुरू केलं तर.

मी म्हटलं, तुमच्या बाबांच्या मित्रांबद्दल वाईट वाटलं.

ती म्हणाली, सर.

मी म्हटलं, माझं नाक शाबूत आहे. दुसऱ्याच्या कामात खुपसत नाही ते, एवढंच.

उठून गेली. जाताना टुणटुण नव्हती. चांगलं सुनावलं. मग उगाचच "थंड व कोरड्या जागी ठेवा" यात चूक शोधत बसलो. चूक नव्हती.

७ मार्च, रविवार

वसंत. आज ही सोबत आली. डबा, थर्मास, सतरंजी, सगळा थाट. ओढ्याकाठी ओल्या सावलीत लांबट हिरव्या पानांचा गालिचा पसरलेला. मी पुस्तक उघडून पान शोधतोय तोवर हिने गुडघ्यांवर बसून एक पान तोडलं, बोटांत चुरगळलं आणि लहान मुलीसारखी ओरडली, अगंबाई, लसूण! पुस्तकातही तेच. रानलसूण.

मग तीच बोटं माझ्या नाकाखाली धरली. विचारलं, येतोय?

डोळे असे केले होते की काय सांगू. लग्न ठरताना मी हो म्हणायच्या आधी असेच होते.

मी म्हटलं, येतोय की. घमघमतोय.

ही उठली, पदराला हात पुसले आणि माझा दंड धरून चालायला लागली. ओढा संपला, पायवाट संपली, बस आली, तरी दंड सोडला नाही. संध्याकाळी फोनवर लेकीला सांगत होती, बाबांचं बरं आहे गं आता.

मी आजारी कधी होतो?

१४ मार्च, रविवार

रानलसणाचं सूप केलं. ही दोन वेळा मागून प्यायली. छान झालंय म्हणाली. मलाही छान लागलं. खारट होतं.

घरातलं वातावरण बदललंय. ही गुणगुणते. भोंग्याच्या बॅटऱ्या संपल्या, आणायच्या कशाला म्हणाली. सकाळी कॉफी पुढे ठेवून विचारते, वास कसाय? मी म्हणतो, फर्स्ट क्लास. माणसाला आनंदी ठेवायला एवढंच लागतं, तर आपलं काय जातं?

२८ मार्च, रविवार

पुस्तक वाचून कंटाळलो. रानलसणाच्या पानावर एकच रड: प्रत्येक पान वेगळं चुरगळा, वास घ्या, शंका असेल तर टाका. प्रत्येक पान! हे नवशिक्यांसाठी आहे. अनुभवी माणूस आकारावरून ओळखतो.

फेरचाचणी गुरुवारी, ८ तारखेला. तीन कपांची टेस्ट. दोन कप सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. लाल दिव्याखाली, म्हणजे रंग दिसत नाही. घरी सराव केला. हिला तीन कप भरायला लावले. पहिल्या खेपेला बरोबर. नंतरच्या चार चुकल्या. ही म्हणाली, मीच नीट मिसळलं नसेल. शक्य आहे.

३ एप्रिल, शनिवार. दुपार.

चाचणीआधीची शेवटची मोहीम. एकटा गेलो. हिला दुकानात स्टॉक मोजायचा होता. म्हणाली, तुम्ही या जाऊन, आता काय काळजी.

ओढ्याकाठचा रानलसूण लोकांनी ओरबाडून नेलाय. जेमतेम पाव टोपली. पण थोडं वर, झाडीच्या कडेला, नवी जागा सापडली. पानं जास्त रुंद, जास्त देखणी, एकाच देठातून दोन-दोन निघालेली. नक्कीच वरच्या प्रतीचा. उरलेली टोपली तिथेच भरली. वास प्रचंड असणार.

उद्या दुपारी मोठं सूप. परीक्षेआधीचं जेवण.

४ एप्रिल, रविवार. दुपारी १ वाजता.

सूप उत्तम. मी पाच-सहा चमचे घेतले, पोटात उगाच गर्दी नको. हिने दोन वाट्या घेतल्या. दार उघडताच म्हणाली, अहाहा, लसणाचा वास कसा पसरलाय! मी म्हटलं, पसरणारच. म्हणाली, छान झालंय, थोडं कडसर आहे, पण छान. आणि आज ती नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नव्हती.

गुरुवारी नाकतोडीच्या नाकावर टिच्चून पास होणार.

४ एप्रिल. दुपारी ३.

हिला ओकारी झाली. मलाही जरा मळमळतंय. दही शिळं असणार.

५ एप्रिल, सोमवार. सकाळ. हॉस्पिटलचा कॉरिडॉर.

क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं की डोकं ठिकाणावर राहतं.

तिसऱ्या ओकारीनंतर ही पलंगावर आडवी झाली आणि वर बघून म्हणाली, ट्यूबलाइटभोवती पिवळं वलय दिसतंय, नंबर बदललाय वाटतं. मग म्हणाली, उद्या दुकानात तपासून घेते. नाडी बघितली. एक ठोका पडायचा आणि पुढचा यायला विसरायचा.

टॅक्सी. कॅज्युअल्टी. डॉक्टरीण तरुण, केसांत पेन खोचलेलं. काय खाल्लं, कुठून आणलं, सगळं विचारलं. रानलसूण म्हटल्यावर लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, काका, एक दुसरी वनस्पती असते, पुढे पांढऱ्या घंटांसारखी फुलं येतात, पानं हुबेहूब. तिने हृदयाचे ठोके मंदावतात. फरक वासाचा. तुम्ही तोडताना वास घेतला होता? प्रत्येक पानाचा?

मी म्हटलं, बावीस वर्षं हाच माझा धंदा आहे.

ती म्हणाली, म्हणजे लसणाचा वास होता? नक्की?

मी म्हटलं, नक्की.

पलंगावरून ही म्हणाली, ह्यांना कळतं हो. मधे येत नव्हता वास. आता येतो.

डॉक्टरणीने सुटकेचा श्वास सोडला. म्हणाली, मग सलाइन लावू आणि बघू. पानं उरली असतील तर घेऊन या, खात्री केलेली बरी, पण घाई नाही. हिने माझा हात दाबला. हात थंड होता. मी म्हटलं, लगेच येतो.

घरी आलो. फ्रिजमध्ये डब्यात पानं होती. एक घेतलं, चुरगळलं, नाकाला लावलं. दुसरं घेतलं. तिसरं. पान नाकपुडीत जाईल इतकं जवळ धरलं. मूठभर पानं चुरगळली आणि तोंड त्यांत खुपसलं. हिरवं, ओलं. बाकी काही नाही. भोंगा भिंतीवर होता. त्यात बॅटरी नव्हती.

डबा घेऊन खाली गेलो. वकिलांची बेल दाबली. दार उघडून म्हणाले, काय राव, पुन्हा उंदीर मेला का? मी डबा पुढे केला. म्हटलं, जरा वास बघता का? ते म्हणाले, आधी सांगा, माश्या बसल्यात का यावर. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

पायपुसण्यावरच खाली बसले. कुत्रं शेजारी येऊन बसलं. एक पान चुरगळून म्हणाले, याला येतो. लसूण. दुसरं चुरगळून म्हणाले, याला नाही. पुढचं. याला नाही. नाही. याला येतो. नाही. नाही. पेपर पसरून दोन ढीग करत गेले. प्रत्येक वेळी बोटं शर्टाला पुसायचे, म्हणजे आधीचा वास पुढच्याला लागणार नाही. मी बघत होतो. न येणाऱ्यांचा ढीग वाढत होता. दुसऱ्या ढिगात चार पानं असतील.

वकील म्हणाले, तुम्हाला नाही का येत?

मी म्हटलं, जरा सर्दी आहे.

माझ्याकडून नंबर घेऊन त्यांनीच हॉस्पिटलला फोन लावला, डॉक्टरणीला बोलवा म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. ती हॅलो म्हणाली. मी म्हटलं, माझ्या बायकोला जे सूप दिलं, त्यातल्या बहुतेक पानांना वास नाही. तिने विचारलं, तुम्ही तर नक्की म्हणाला होतात? पायपुसण्यावर उभा होतो. एक पाय दोन्ही ढिगांच्या मधे.

मला वास येत नाही, असं म्हटलं. ऑगस्टपासून. कशाचाच नाही.

ती म्हणाली, हे मघाशी सांगायचं होतं हो काका. ओरडून नाही. आणि फोन ठेवून पळाली असणार, कारण फोन बंद व्हायच्या आधी चपला वाजल्या.

वकिलांनी गाडी काढली.

६ एप्रिल, मंगळवार

ही आयसीयूत. काचेतून बघू देतात. मॉनिटरवर हिरवी रेघ वर जाते, मग सपाट चालते, मग पुन्हा वर जाते. सपाट चालते तेव्हा मी श्वास सोडत नाही. याने काही फरक पडत नाही हे माहीत आहे.

डॉक्टरीण म्हणाली, मधला वेळ वाया गेला. तासाभराचाच, पण गेला. पुढे म्हणाली, वाचतील बहुधा. बहुधा हा शब्द मला लेबलवर छापू देत नाहीत.

लेक आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई फोनवर म्हणाली होती, तुमचं नाक परत आलंय. किती खूश होती. मग बाबा म्हणून हाक मारली आणि खुर्ची एक सोडून बसली.

मलाही सलाइन लावलं होतं, पाच-सहा चमच्यांचं.

८ एप्रिल, गुरुवार

फेरचाचणी. गेलो नाही. साहेबांना फोन केला, कारण सांगितलं. तयार करून ठेवलेलं वाक्य होतं, "तात्पुरती अडचण". ते म्हणायचं राहून गेलं. साहेब म्हणाले, लेबल विभागात तुमची जागा कायम करतो. आभार मानले.

संध्याकाळी नाकतोडी हॉस्पिटलमध्ये आली. फळं आणली होती. म्हणाली, सर, मी डिसेंबरात अजून जोर लावून सांगायला हवं होतं. मला तिचं खरं नाव आठवेना. सहा महिने मनातल्या मनात दुसरंच म्हणत होतो ना. शेवटी मॅडम म्हटलं.

हिला वॉर्डात हलवलं. मी शेजारी स्टुलावर बसलो. बराच वेळ डोळे मिटून होती. मग तशीच म्हणाली, ओढ्याकाठी वास आला होता का हो? त्या दिवशी?

मी म्हटलं, नाही.

ही म्हणाली, बरं.

आणि कूस बदलली. सुईचा हात वर ठेवायचा म्हणून बदलली असणार.

१३ एप्रिल, मंगळवार

गेटसमोरच्या नाकाच्या डॉक्टरांकडे गेलो. चार बाटल्या. एकेक नाकाखाली धरायची आणि तो वास आठवायचा. पहिली लिंबाची. लिंबू आठवलं. पिवळं, गोल, सालीवर ठिपके. वास नाही आठवला. त्या म्हणाल्या, ऑगस्टनंतर लगेच आला असतात तर जास्त आशा होती. सराव करत राहा, पण धरून चालू नका.

हिचं कपाट उघडून शाल नाकाशी धरली. एकतीस वर्षांचा वास असणार तिला.

निश्चय वगैरे काही नाही.

१८ एप्रिल, रविवार

ही परवा घरी आली. अशक्त आहे, भिंत धरून चालते. दुकानात अजून महिनाभर नाही. लेक राहिली आहे, स्वयंपाक तीच करते. टोपली, चाकू, पुस्तक वकिलांना देऊन टाकलं. टोपलीत कुत्रं झोपतं. भोंग्यात बॅटऱ्या घातल्या.

एक गोष्ट पाहिली. ही आता काहीही तोंडात घालण्याआधी नाकाशी नेते. भात, पाणी, औषधाची गोळीसुद्धा. मी समोर असलो की नाही. मी वळलो की. खिडकीच्या काचेत दिसतं.

आज लेक बाजारात गेली होती. ही म्हणाली, चहा हवाय. मी म्हटलं, करतो. गॅसपाशी उभा राहिलो, पेपर घेतला नाही, दुधावरून नजर हलवली नाही. आच कमी. ढवळत राहिलो. रंग चांगला आला. कप बशीत ठेवून नेऊन दिला आणि विचारलं, कसा झालाय?

हिने एक घोट घेतला. कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत ती अशा वेळी एकच वाक्य म्हणत आली आहे. मी त्याचीच वाट बघत होतो.

म्हणाली, दूध लागलंय.

परत जाऊन पातेलं बघितलं. तळ काळा होता. चहा ओतून दिला, पातेलं घासलं, बिनदुधाचा दुसरा केला. घेऊन गेलो.

या वेळी मी वळलो नाही. तिनेही मी वळायची वाट बघितली नाही. कप दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला. मी ट्रे धरून उभा राहिलो.